पहिली उचल

दाजींचा फोन त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून आला की समजायचं, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली. एरवी दिवाळीला, वाढदिवसाला बोलणं होतं ते ताईच्या फोनवर, तेही मागून ओरडून, "मी बरा आहे म्हणून सांग तिला!" पण दर चार वर्षांनी साधारण ऑगस्ट लागला की ते मला आठवड्याला फोन करायला लागतात. हवापाणी नाही, पोरांच्या शाळा नाहीत. सरळ मुद्दा: "काय गं, तुमच्याकडं वारं कुणाचं आहे?"

दाजी न्यू जर्सीत, एडिसनला. मी आयोवात, डे मॉइनला लागून असलेल्या एका उपनगरात. विम्याच्या कंपनीत कोड लिहिते. (डे मॉइनच्या स्पेलिंगात दोन एस आहेत आणि दोन्ही गिळायचे असतात. पहिला आठवडाभर मी दोन्ही स्पष्ट उच्चारत होते आणि कुणी दुरुस्त केलं नाही, इतकी इथली माणसं सभ्य.) येऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या राज्याबद्दल नातेवाइकांपैकी कुणी मला मनापासून काही विचारलं असेल तर ते दाजींनी.

त्याला कारण आहे. दाजींची कंपन्यांना माणसं पुरवायची फर्म आहे, बरी चालते, आणि त्यांना उमेदवारांना देणग्या द्यायचा नाद आहे. कायद्यानं एका माणसाला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानासाठी) जेवढं देता येतं, म्हणजे २०२० ला २,८०० डॉलर आणि २०२४ ला ३,३००, तेवढं ते पूर्ण देतात. ताई तिच्या खात्यातून वेगळं देते. मग ओळखीच्या दहा-बारा जोडप्यांना घरी जेवायला बोलवायचं, तांबडा-पांढरा रस्सा करायचा आणि उठायच्या आत प्रत्येकाकडून चेक काढायचा. पण दाजींचं मत? न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये. २०१६ ला ७ जूनला होती, २०२४ ला ४ जूनला. तोवर लग्न लागून, पंगती उठून, मांडव सोडायला घेतलेला असतो. त्यांच्याकडं पैसा आहे, मताला किंमत नाही. माझ्याकडं पैसा नाही, पण माझं मत थंडीतच पडायचं, सगळ्या देशाच्या आधी. म्हणून फोन.

अण्णांना हे कधी पटायचं नाही. अण्णा वाळवा तालुक्यात, सगळा ऊस. "तुमचं राज्य एवढंसं, आणि पुढारी वर्षभर तिथंच का पडून असतात?" त्यांचा प्रश्न रास्त होता. २०२० ला डेमोक्रॅटिक पक्षाचे जवळपास ३,९७९ प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मतदानानं ठरायचे होते, त्यात आयोवाचे ४१. शंभरात एक. गणितानं बघितलं तर आमच्याकडं कुणी चहालाही थांबू नये.

शेवटी मी त्यांना म्हटलं, अण्णा, आपल्याकडं पहिली उचल जाहीर होते ना, तसं आहे हे. ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगाम सुरू होताना कारखाना टनाला पहिला हप्ता किती देणार ते सांगतो, ती पहिली उचल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे कारखाने एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेले असतात. आंदोलनं होतात, उसाच्या गाड्या अडवल्या जातात. मग एखादा कारखाना आकडा बोलतो, दुसऱ्या दिवशी पेपरात 'ऊसदराची कोंडी फुटली' येतं, आणि बघता बघता बाकीचे त्याच आकड्याच्या मागंपुढं आपले आकडे लावतात. तो कारखाना जिल्ह्यात सगळ्यात मोठा असतो असं नाही. तो पहिला बोलला, एवढंच.

अण्णा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं दर काढायचं गाव."

अगदी तेच. फक्त हा दर बघून हलतात कोण, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मला वाटायचं पुढच्या राज्यांतले मतदार हलतात. तेही हलतात, पण त्यांच्या आधी दाजी हलतात.

याची सुरुवात बहुधा जिमी कार्टर यांच्यापासून धरायला हवी. १९७६ ला आयोवाच्या कॉकसमध्ये (ठरल्या संध्याकाळी शाळा-हॉलांत जमून आपल्या पक्षाचा उमेदवार निवडायची सभा, आमच्याकडची प्रायमरी) सगळ्यात जास्त, ३७ टक्के लोक, 'अजून कुणीच ठरवलं नाही' म्हणणारे होते. कार्टर त्यांच्या खाली, २८ टक्क्यांच्या आसपास. पण माणसांत ते पहिले, म्हणून बातमी त्यांची झाली. त्याच निवडणुकीपासून लहान देणग्यांना सरकारी जोड मिळायला लागली होती, माणशी पहिल्या २५० डॉलरपर्यंत जेवढ्यास तेवढी. म्हणजे बातमीनं नाव होणार, नावानं चेक येणार, चेकवर सरकारचा चेक. जॉर्जियाचा शेंगदाण्याचा व्यापारी अध्यक्ष झाला, आणि तेव्हापासून ज्याला कुणी ओळखत नाही असा प्रत्येक जण आमच्याकडं येऊन पिझ्झा रँच नावाच्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत वीस माणसांसमोर भाषण करतो.

मी पहिला कॉकस बघितला ३ जानेवारी २००८ ला. एचवन व्हिसावर होते, मत नाही. शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या, त्या मला ओढून घेऊन गेल्या. "नुसतं बघायला परवानगी असते," म्हणाल्या. शाळेच्या उपाहारगृहात भिंतीला लागून बघ्यांच्या खुर्च्या. डेमोक्रॅट्सच्या कॉकसमध्ये ज्याचा-त्याचा कोपरा ठरलेला, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ओबामांच्या कोपऱ्यात एवढी गर्दी की लोक जेवणाच्या बाकांवर चढले. त्या रात्री राज्यभरात डेमोक्रॅट्सचे २,४०,००० च्या घरात लोक बाहेर पडले होते. मी घरी आले, कोट न काढता लॅपटॉप उघडला आणि पंचवीस डॉलर द्यायला निघाले. फॉर्मवर चौकोन होता: मी अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी आहे. मी दोन्हींतली नव्हते. लॅपटॉप मिटला, कोट काढला.

दाजी मात्र नागरिक होते, आणि त्यांच्यासारखे लाखो. ओबामांनी त्या एका जानेवारीत ३ कोटी २० लाख डॉलर जमवले. हिलरी क्लिंटन यांनी त्याच महिन्यात स्वतःच्या खिशातले ५० लाख स्वतःच्याच प्रचाराला उसने दिले होते, हे फेब्रुवारीत बाहेर आलं. त्यांच्या आधी जॉन केरी. २००३ च्या डिसेंबरात त्यांना कुणी विचारत नव्हतं, सगळा पैसा हॉवर्ड डीन यांच्याकडं. केरींनी बॉस्टनचं घर गहाण टाकून ६४ लाख डॉलर उचलले आणि आयोवात ओतले. जिंकले, डीन तिसरे आले, आणि पैशानं कूस बदलली. घर गहाण टाकून निवडणूक लढवणारा माणूस मी आमच्या गावातही बघितलाय, पण त्याची रक्कम वेगळी होती आणि तो पडला.

माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा नमुना म्हणजे २०१२ चं रिपब्लिकन कॉकस. त्यांच्याकडं सोपं असतं, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि मोजायचं. ३ जानेवारीच्या रात्री उशिरा जाहीर झालं की मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकले. आठ! मग १० जानेवारीला रॉम्नी पुढचं राज्य, न्यू हॅम्पशरही जिंकले. दोन्ही राज्यं एकाच माणसानं मारली म्हणून सगळीकडं गाजलं. आणि १९ जानेवारीला पक्षानं पक्की मोजणी सांगितली: रिक सँटोरम ३४ मतांनी पुढं. आठ केंद्रांचे निकाल तर सापडलेच नाहीत. म्हणजे आयोवा जिंकलेल्या माणसाला आपण जिंकलो हे सोळा दिवसांनी कळलं. मी उत्साहानं दाजींना फोन लावला, त्या वर्षीचा एकमेव फोन जो मी केला. दाजी जेवत होते. म्हणाले, "चौतीस मतांनी काय होतंय आता? चेक गेले."

मतं तीच होती, माणसं तीच होती. फक्त निकाल उशिरा आला, आणि उशिरा आलेल्या उचलीला कोण विचारतं?

उलटंही होतं. रिपब्लिकन उमेदवार जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकनं (हव्या तेवढ्या देणग्या घेता येणारी, प्रचारापासून वेगळी समिती) २०१५ च्या पहिल्या सहामाहीतच १० कोटी डॉलरच्या वर जमवले होते. पैसा आधी, आयोवा नंतर. टीव्ही लावला की तेच. आयोवात त्यांना ३ टक्केही मिळाले नाहीत, आणि साउथ कॅरोलायनाच्या रात्री ते बाहेर पडले. दाजी त्यांच्यासाठी एक जेवण घालून बसले होते. त्यावर त्यांना काही विचारलेलं अजून आवडत नाही.

आता माझं सांगते. २०१२ च्या शेवटी माझं ग्रीन कार्ड झालं, म्हणजे पैसे देता येत होते पण मत नव्हतं. दाजींच्या अवस्थेचा छोटा नमुना. २०१८ ला नागरिक झाले. २०१९ चं ते वर्ष म्हणजे उमेदवारांचा पोळा होता. पंधरा-वीस जण एकाच वेळी राज्यात. पहिल्या वादविवादांत उभं राहायला ६५,००० वेगवेगळे देणगीदार दाखवणं ही एक अट होती, म्हणून सगळ्यांचे मेसेज यायचे, एक डॉलर द्या, फक्त एक डॉलर. बाजारात कढीपत्ता मागावा तसे मागायचे.

त्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी एका उमेदवाराच्या सभेला गेले. नाव घेत नाही. कामगार संघटनेचा हॉल, दाराशी कॉफीचा मोठा थर्मास, सही केली की छातीवर नावाचं स्टिकर. मी लवकर पोचले, म्हणून मला दिसलं. दोन पोरं, प्रचारातली, विशी-बाविशीची, मागच्या तीन ओळींच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होती. मग चौथी ओळ. मग त्यांनी चाकांवरचा एक पडदा ढकलत पुढं आणला, म्हणजे हॉल लहान दिसेल आणि भरलेला वाटेल. त्यातली एक पोरगी माझ्याकडं बघून ओशाळं हसली. उमेदवार चांगलं बोलला. प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. शेवटी प्रत्येकाशी हात मिळवला, कारण तेवढे लोकच होते.

दोन दिवसांनी दाजींचा फोन. "कसं काय त्याचं? दुसरं जेवण ठेवू म्हणतोय." मी म्हटलं, "दाजी, खुर्च्या मिटून ठेवत होते."

जेवण झालं नाही. काही आठवड्यांत तो उमेदवारही बाहेर पडला, एकही मत पडायच्या आत. पैसे संपले म्हणून. माझ्या एका वाक्यानं उमेदवार बुडाला असं समजायला मी काही वेडी नाही. पण आयोवात माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील आणि प्रत्येकीला कुठले ना कुठले दाजी असतील. आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती, ती म्हणजे त्या संध्याकाळी रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होता आणि शहरातल्या शाळेची फुटबॉलची मोठी मॅच होती. मी स्वतः जाताना दोनदा घसरले. सांगायचं राहिलं म्हणण्यापेक्षा, 'खुर्च्या मिटून ठेवत होते' हे वाक्य एवढं झकास होतं की त्याला शेपूट लावावंसं वाटलं नाही.

३ फेब्रुवारी २०२० ला मी पहिल्यांदा स्वतः उभी राहिले. शब्दशः उभी. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली. आमच्या केंद्रावर ३१२ जण. १५ टक्के लोक जमले तरच गट टिकणार, म्हणजे ४७. गुप्त मतदान वगैरे काही नाही, कोण कुठल्या कोपऱ्यात उभं आहे ते दिसतंच. माझ्या मॅनेजरची बायको समोरच्या कोपऱ्यात, मुलाचा दातांचा डॉक्टर माझ्या शेजारी. आमच्या गटात एक्केचाळीस. सहा माणसं हवीत. ज्यांचे गट पुरे झाले त्यांना हलता येत नव्हतं, त्यामुळं आमच्यासारख्याच अपुऱ्या गटांतून माणसं ओढायची. डॉक्टर एका आजींना बिस्किटांचा पुडा दाखवत बोलावत होते. आजी म्हणाल्या, माझ्याकडं घरी आहेत. पंधरा मिनिटं बाजारासारखा गलका झाला, आणि शेवटी आमचाच गट फुटून दोन कोपऱ्यांत विरघळला. मी शेवटी कुठं गेले ते लिहीत नाही, जरी त्या जिममधल्या ३११ जणांना ठाऊक आहे.

आणि मग निकालच आला नाही. केंद्रांवरून आकडे कळवायला केलेलं ॲप कोलमडलं, फोनच्या ओळी तुंबल्या. रात्री साडेबाराला दाजी: "कोण?" "माहीत नाही." "अगं तू तिथंच आहेस ना?" दाजींच्या आवाजात इतकी अगतिकता मी त्यांच्या बायपासच्या वेळीही ऐकली नव्हती. दर जाहीर करायचं गाव, आणि दरच सांगत नाही. पीट बुटिजज यांनी त्याच रात्री विजयाचं भाषण ठोकलं. पुढं कळलं की प्रतिनिधींच्या हिशेबात ते निसटते पुढं आणि डोक्यांच्या मोजणीत बर्नी सँडर्स. जो बायडेन चौथे आले होते, पण त्या गोंधळात चौथं कोण आलं याकडं कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही. माझं मत असं की त्या रात्री आकडे वेळेवर आले असते तर बायडेन यांचे देणगीदार आठवडाभर आधी पळाले असते. न्यू हॅम्पशरला ते पाचवे, नेवाडात दुसरे. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनानं त्यांना उचललं, त्याच्या तीन दिवस आधी तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला होता. आणखी तीन दिवसांनी सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बरीच राज्यं मतदान करतात तो मंगळवार. मायकल ब्लूमबर्ग यांनी पहिली चारही राज्यं सोडून, ५० कोटी डॉलरच्या वर उडवून थेट सुपर ट्यूसडेला उडी मारली आणि हाती लागलं फक्त अमेरिकन सामोआ. नुसत्या पैशाला दर नसतो. तो आधी कुणीतरी काढून द्यावा लागतो.

२०२४ ला तर आमची पाटीच काढली. डेमोक्रॅटिक पक्षानं साउथ कॅरोलायनाला पहिलं केलं. आम्ही टपालानं कार्ड पाठवायचं, निकाल ५ मार्चला. न्यू हॅम्पशरवाले ऐकेनात. दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या प्रायमरीच्या निदान सात दिवस आधी आपली व्हायला हवी असा त्यांच्या राज्याचा कायदाच आहे, त्यांनी २३ जानेवारीला उरकून घेतलं.

रिपब्लिकनांचं मात्र आयोवा पहिलंच, १५ जानेवारीला, उणे वीस सेल्सिअसच्या आसपास. जेमतेम १,१०,००० लोक आले, २०१६ ला १,८७,००० च्या आसपास होते. त्याच्या आधी महिनाभर अण्णांचे फोन वेगळ्याच कारणानं. २०२३ च्या ७ डिसेंबरला भारतात केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, मग आठवडाभरात थोडी सैल केली. अण्णा तापलेले. इकडं माझ्या टीव्हीवर एकेक उमेदवार मक्याच्या इथेनॉलची आरती ओवाळतोय. देशात सगळ्यात जास्त इथेनॉल आमच्या राज्यात होतं, आणि त्याच्याविरुद्ध बोलून आयोवा जिंकलेले टेड क्रूझ २०१६ चे अपवाद. त्यांना पाडा म्हणून इथल्या राज्यपालांनी उघड सांगितलं होतं, तरी ते आले. अण्णा म्हणाले, "आपलंबी मतदान सगळ्यांच्या आधी घ्या म्हणावं. मग बघू रस कोण बंद करतंय."

विवेक रामस्वामी यांनी आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, दोन-दोनदा पालथ्या घातल्या. त्यांच्याकडं स्वतःचाच पैसा, त्यामुळं दाजींसारख्यांना विचारायची गरज नाही. चौथे आले, त्याच रात्री थांबले. दाजींचा जीव अडकला होता निकी हेली यांच्यात. आयोवात तिसऱ्या, १९ टक्के. दाजी म्हणाले, थांबू. न्यू हॅम्पशरला ४३ टक्के. दाजी उठले. तेवढ्यात ट्रम्प यांनी लिहिलं की जो तिला पैसे देईल त्याला आमच्या गोटात कायमची बंदी. दोनशे डॉलरच्या वर दिलं की नाव, गाव, धंदा सगळं सरकारी यादीत जगाला दिसतं. "नाव येतं गं," दाजी म्हणाले. मी काही बोलले नाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "साउथ कॅरोलायनात तुझी ती मैत्रीण असते ना? गणपतीत भेटलेली?"

मी नंबर पाठवला.

चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन. ती कोलंबियाला. हसू आवरत नव्हतं तिला. "तुझे दाजी काय मस्त आहेत गं! म्हणाले, हेलीबाईंच्या सभेला जा आणि मागच्या खुर्च्या मोजून सांग."

मी म्हटलं, "मोज. पण त्या दिवशी हवा कशी होती तेही सांग त्यांना."

"आमच्याकडं बर्फ नसतं," ती म्हणाली.